विमानाचे तिकीट स्वस्त झाले. त्या बदल्यात आपण नेमके काय सोडले?

होटगी रोड यांचा प्रश्न

मंडळी, नमस्कार. १९९४ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या सोलापुरातील शाखेत अधिकारी होतो आणि बँकेच्या प्रशिक्षणासाठी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो, पुणे ते दिल्ली. तिकीट बँकेने काढले होते. पदरच्या पैशाने काढायचे म्हटले असते तर जवळजवळ महिन्याचा पगार गेला असता. विमान सुटण्याआधी हवाईसुंदरीने ताटलीतून टॉफी आणि कानात घालायला कापूस फिरवला, वर गेल्यावर गरम जेवण आले आणि त्यासोबत पोलादी काटे-चमचे होते. परत येताना दिल्लीत धुके पडले व त्या दिवशीचे विमान गेलेच नाही. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने माझ्या तिकिटाच्या पुस्तिकेवर पेनाने दोन ओळींचा शेरा लिहिला, खाली सही केली आणि राहण्याची सोय कोठे केली आहे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या दोन ओळींवर मला विमानात जागा मिळाली. त्याने कोणाला फोन केला नाही, कोणाची परवानगी मागितली नाही.

आता मुलगी गुरुग्रामला असते. यंदा मार्गशीर्षात आम्ही दोघे पुण्याहून तिच्याकडे गेलो. दोघांचे जाण्याचे भाडे माझ्या निवृत्तिवेतनाच्या चौथ्या हिश्श्यात बसले, ही गोष्ट मी मनापासून मोठी मानतो. मुलीच्या सासरी आहेर म्हणून चार सोलापुरी चादरी, शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या बरोबर घेतल्या होत्या. काउंटरच्या काट्यावर बॅग साडेसतरा किलो भरली. वरच्या अडीच किलोंसाठी जी रक्कम सांगण्यात आली, तेवढ्यात सोलापूरच्या चाटी गल्लीतून आणखी दोन चादरी आल्या असत्या. मग आम्ही तिथेच जमिनीवर बॅग उघडली, दोन चादरी बाहेर काढल्या, एक पत्नीच्या हातातल्या पिशवीत कोंबली आणि एक तिने अंगावर पांघरली. मागची रांग पाहत होती.

येताना विमान सात तास उशिरा सुटले. उशिराचे सहा संदेश मोबाइलवर आले, एकापाठोपाठ एक, दर वेळी तास-सव्वा तासाचा. गेटवर दोन तरुण मुले उभी होती. त्यांना काहीही विचारले तरी त्यांचे उत्तर एकच होते, की अॅपमध्ये पाहा. त्यांच्यावर माझा राग नाही, कारण त्यांच्या हाती ठरवण्यासारखे काहीच ठेवलेले नव्हते हे दिसत होते. पुण्याला पोहोचलो तेव्हा सोलापूरची शेवटची गाडी निघून गेली होती आणि रात्र पुण्याच्या स्थानकावर काढावी लागली.

माझा प्रश्न असा आहे. भाडे खरोखर कशामुळे उतरले, आणि आपण जे सोडले ते सोडल्यामुळेच ते उतरले काय? की काही गोष्टी भाडे उतरण्यासाठी गरजेच्या होत्या आणि काही केवळ वरकमाईसाठी काढून घेतल्या गेल्या? या क्षेत्रातील जाणकारांनी जरा सविस्तर लिहावे.

---

हिशेबनीस यांचा प्रतिसाद

काका, आपण प्रश्नाचे दोन भाग केलेत ते योग्य झाले, कारण बहुतेक चर्चा जेवणाच्या ताटलीपाशीच अडून राहते आणि सगळ्या हिशेबात ती ताटली सर्वांत लहान रक्कम आहे.

आधी थोडा इतिहास. १९५३ च्या कायद्याने आपल्याकडील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आठ देशांतर्गत कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स तयार झाली. पुढची चार दशके प्रवाशाला दुसरा पर्यायच नव्हता. अमेरिकेत कंपन्या खासगी होत्या, पण कोणी कोणत्या मार्गावर उडायचे आणि किती भाडे घ्यायचे हे सरकारी मंडळ ठरवत असे. भाड्यावर स्पर्धा करता येत नसल्यामुळे कंपन्या जेवणावर, आसनांच्या ऐसपैसपणावर आणि आदरातिथ्यावर स्पर्धा करत. ज्याला आज आपण विमानप्रवासाचा सुवर्णकाळ म्हणून आठवतो, तो बव्हंशी या बंधनातून निर्माण झाला होता, आणि त्याचे पैसे प्रवासी तिकिटातूनच मोजत होते. अमेरिकेने ते बंधन १९७८ मध्ये उठवले. आपल्याकडे नव्वदीच्या सुरुवातीला खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि १९५३ चा तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला, म्हणजे आपण जेवलात ते जेवण त्या जुन्या व्यवस्थेच्या अखेरच्या काळातले होते.

मात्र खासगी कंपन्या आल्या म्हणून भाडे लगेच उतरले नाही. सुरुवातीच्या कंपन्यांनी जुन्याच प्रवाशाला अधिक चांगली सेवा देऊ केली. नवा प्रवासी शोधण्याचे काम कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ पासून केले. लहान एटीआर विमाने, फुकट जेवण नाही, आसनाला क्रमांक नाही, तिकीट इंटरनेटवर किंवा पेट्रोल पंपावरही मिळेल, आणि काही जागा चक्क एका रुपयाला. ती कंपनी पुढे टिकली नाही, परंतु तिने आखलेली वाट २००५-०६ मध्ये आलेल्या स्पाइसजेट, गोएअर आणि इंडिगो यांनी धरली.

आता हिशेब. विमान एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला जो खर्च येतो, तो आत शंभर माणसे असोत की पावणेदोनशे, फारसा बदलत नाही. त्याच ए-३२० विमानात दोन ओळींमधले अंतर कमी करून, पुढचा महागडा वर्ग काढून दीडशेऐवजी १८० आसने बसवली, की दर आसनाचा खर्च थेट एक षष्ठांशाने उतरतो. दीडशेपैकी शंभर जागा भरत होत्या असे धरा आणि आता १८० पैकी १५५ भरतात असे धरा, तर दरडोई खर्च एक तृतीयांशाहून अधिक घटतो. यासाठी एकाही कर्मचाऱ्याचा पगार कमी करावा लागलेला नाही. यात विमान दिवसाला आठ-नऊ तासांऐवजी बारा-तेरा तास उडवले, तर विमानाचे भाडे आणि कर्जाचे हप्ते अधिक फेऱ्यांवर विभागले जातात. सगळी विमाने एकाच जातीची ठेवली की वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि दुरुस्ती स्वस्त पडते. तिकीट थेट संकेतस्थळावर विकले की एजंटाचे कमिशन वाचते. कागदी तिकीट तर २००८ च्या जूनपासून जगभरातूनच गेले.

आणखी एक गोष्ट प्रवाशाच्या नजरेला कधी पडत नाही. इंडिगोने उड्डाणे सुरू करण्याआधीच, २००५ मध्ये, एकदम १०० विमानांची मागणी नोंदवली. ठोक मागणीला मिळालेल्या सवलतीत विमान घ्यायचे, ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचे, तिच्याकडूनच काही वर्षांसाठी भाड्याने परत घ्यायचे, आणि मोठ्या दुरुस्त्यांचे वय येण्याच्या सुमारास परत करायचे, अशी ती रीत आहे. त्यामुळे ताफा नेहमी नवा राहतो आणि इंधन कमी लागते. नव्या इंजिनांचा भाडे उतरण्यातला वाटा मोठा आहे आणि त्यासाठी प्रवाशाने काहीच सोडलेले नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की पायाजवळची जागा आपण खरोखर किमतीत दिली. ती दिल्याशिवाय भाडे इतके उतरले नसते. आसन निवडण्याचे पैसे मात्र मला वेगळ्या जातीचे वाटतात. त्या पैशांनी कंपनीचा खर्च कमी होत नाही. पूर्वी तिकिटात असलेली गोष्ट सुटी करून विकली जाते, एवढेच. सामानाचे प्रकरण या दोन्हींच्या मधले आहे. वजन वाहायला इंधन लागते हे खरे, पण अडीच किलोंना दोन चादरींइतके इंधन लागत नाही.

---

धावपट्टी यांचा प्रतिसाद

मी एकोणीस वर्षे ग्राउंड स्टाफमध्ये काढली, आधी पुण्यात आणि नंतर हैदराबादला. वरच्या प्रतिसादातला हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक वाक्य चटकन निघून गेले आहे आणि काकांना स्थानकावर रात्र काढावी लागली ती त्या वाक्यामुळे. ‘विमान बारा-तेरा तास उडवले’ याचा अर्थ जमिनीवर काय होतो, तो सांगतो.

विमान बेवर, म्हणजे त्याच्या उभे राहण्याच्या जागेवर, येऊन थांबते, चाकांना चॉक, म्हणजे अडकण, लागतात, तिथून आमचे घड्याळ सुरू होते. साधारण अर्ध्या तासात तेच विमान परत निघाले पाहिजे. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दारांना शिड्या लागतात. शेवटचा प्रवासी उतरत असतानाच केबिन क्रू मागच्या ओळींतून कचरा गोळा करत पुढे येतो, कारण सफाईसाठी वेगळी माणसे वर चढेपर्यंत चार मिनिटे जातात. खाली लोडर एका बाजूने आलेले सामान काढतात आणि जाणारे सामान ट्रॉल्यांवर आधीच उभे असते. इंधनाची गाडी लागलेली असते. कोणी चाकाच्या खुर्चीवरचे आजोबा असतील तर त्यांना सगळ्यांच्या शेवटी उतरवावे लागते आणि त्यांना तीन मिनिटे अधिक लागली तर वॉकी-टॉकीवर विचारणा होते. मला त्या विचारणेचा फार त्रास होत असे. आजोबांचे पाय काही घड्याळावर चालत नाहीत.

हे तंत्र मूळचे अमेरिकेतील साउथवेस्टचे. १९७२ मध्ये पैशांच्या अडचणीमुळे त्या कंपनीला चारपैकी एक विमान विकावे लागले आणि वेळापत्रक मात्र चार विमानांचेच चालवायचे होते. त्यांनी दहा मिनिटांत विमान परत उडवण्याची शिस्त बसवली. अडचणीतून सापडलेली ती युक्ती पुढे सगळ्या जगाची रीत झाली.

आता उशीर कसा वाढतो ते पाहा. एक विमान दिवसभरात सहा-सात फेऱ्या करते. सकाळच्या फेरीत धुक्यामुळे वीस मिनिटे गेली, की ती वीस मिनिटे भरून काढायला दिवसभरात कोठेही मोकळी जागा नसते. दुपारपर्यंत तासाचा उशीर होतो. संध्याकाळी वैमानिकांची कामाची मुदत संपते, दुसरा चमू लागतो, तो दुसऱ्याच गावी असतो. काकांना सात तासांचा उशीर सात तासांचा म्हणून कोणी सांगितला नाही, कारण सकाळी तो खरोखर तासाचाच होता.

शाळेत बेरीज शिकताना आपण ‘हातचा एक’ म्हणत होतो. जुन्या व्यवस्थेत कंपनीकडे हातचे असायचे. एखादे विमान राखीव उभे असे, दोन-चार वैमानिक घरून बोलावण्याजोगे असत, वेळापत्रकात फटी असत, आणि काउंटरवर सही करण्याचा अधिकार असलेला माणूस असे. हे सगळे हिशेबाच्या दृष्टीने वाया जाणारे होते, कारण दहापैकी नऊ दिवस त्याचा काहीच उपयोग होत नसे. स्वस्त भाड्याच्या पद्धतीने सर्वांत आधी हे हातचे काढून घेतले. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यावर डिसेंबरमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली, ती याचमुळे. नियम योग्य होते, थकलेला वैमानिक कोणालाच नको आहे. पण नियम सांभाळायला लागणारी माणसे हाताशी नव्हती. तेव्हा उरलेल्या जागांची भाडी इतकी चढली, की सरकारला तात्पुरती मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये.

सुरक्षेविषयी मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. स्वस्त तिकिटाच्या विमानाला देखभालीचे किंवा वैमानिकाच्या परवान्याचे नियम वेगळे नाहीत. अर्ध्या तासाच्या त्या घाईतही अभियंत्याची सही झाल्याशिवाय विमान हलताना मी एकोणीस वर्षांत पाहिले नाही.

---

कुंभारीची लेक यांचा प्रतिसाद

हा प्रश्न वाचून मला लिहावेसे वाटले, कारण आपण सर्व जण ‘आपण काय सोडले’ असे म्हणत आहात आणि त्या ‘आपण’मध्ये माझे घर नव्हते.

आई विड्या वळायची. आम्ही विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, वाढलो. १९९४ मध्ये मी जन्मलेच नव्हते, पण त्या काळी आमच्या वस्तीत विमानात बसलेले एकही माणूस नव्हते असे आई सांगते. मी परिचारिकेचे शिक्षण घेऊन दिल्लीतील एका रुग्णालयात लागले. २०१९ मध्ये आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी तिला माझ्याकडे आणायचे होते. रेल्वेने दीड दिवसाचा प्रवास तिला एकटीला झेपणारा नव्हता आणि मला तिला घ्यायला येण्याइतकी रजा नव्हती. मामाने तिला बसने हैदराबादला नेऊन विमानात बसवले. तिकीट मी दोन महिने आधी काढले होते, म्हणून रेल्वेच्या वातानुकूलित डब्याच्या भाड्यात थोडीच भर घालून ते मिळाले.

आईला मराठी थोडी येते, बोलते ती तेलुगू. तिच्या शेजारच्या बाईंनी तिचा पट्टा लावून दिला. जेवण विकत होते म्हणून तिने घेतले नाही; पदरात बांधलेली भाकरी आणि चटणी तिने खाल्ली, आणि त्यात तिला काही कमी वाटले नाही. बोर्डिंग पासचा अर्धा तुकडा तिने विडी कारखान्याच्या जुन्या पासबुकात ठेवला आहे.

तेव्हा गरम जेवण, पोलादी चमचे आणि ऐसपैस जागा यांविषयी कोणी हळहळले की मला ते समजते, पण त्या जेवणाची किंमत अशी होती की आईला त्या विमानाच्या आसपासही जाता आले नसते. तो व्यवहार मला पुन्हा नको आहे.

काकांनी सांगितलेली सहीची गोष्ट मात्र मी विसरणार नाही. आई हैदराबादला एकटी बसली होती तेव्हा विमान पाऊण तास उशिरा होते, आणि तो संदेश माझ्या मोबाइलवर आला, कारण तिकीट मी काढले होते. तिच्याकडे साधा फोन होता. तिला कोणी काही सांगितले नाही. विमान आपल्याला सोडून गेले असे समजून ती पाऊण तास खुर्चीवर बसून रडत होती, हे मला दिल्लीला आल्यावर कळले. जेवण नको, मोठी खुर्ची नको, पण ज्याला वाचता येत नाही किंवा ज्याच्याजवळ अॅप नाही त्याच्यापाशी येऊन दोन वाक्ये बोलणारे माणूस गेटवर असावे, आणि त्याचे पैसे तिकिटात धरायला माझी हरकत नाही. नव्याने विमानात बसणाऱ्यांनाच त्या माणसाची सर्वांत जास्त गरज असते.

---

उभा-आडवा यांचा प्रतिसाद

ताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला.

माझा टॉवेलचा व्यवसाय आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग आहेत. मी सोलापूरच्या बाजूने लिहितो, कारण स्वस्त विमानाची जी गोष्ट वर चालली आहे ती मोठ्या शहरांची आहे. १८० आसने भरायला दररोज तेवढी माणसे लागतात. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावर येतात ती सत्तर-पंच्याहत्तर आसनांची विमाने. त्यांचा दर आसनाचा खर्च मुळातच अधिक असतो, त्यामुळे ‘स्वस्त’ हा शब्द आपल्याकडे सरकारी मदतीशिवाय खरा होत नाही.

आपण किती वर्षे वाट पाहिली ते सर्वांना ठाऊक आहे. बोरामणीचा विमानतळ कागदावर राहिला. होटगी रोडवर विमानांच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद वर्षानुवर्षे चालला. १५ जून २०२३ रोजी ती पाडली, तेव्हा गावातली निम्मी माणसे विमान येणार म्हणून आनंदली आणि शेतकरी सभासदांच्या डोळ्यांत पाणी होते. मी दोन्हीकडची माणसे ओळखतो. प्रवाशाने काय सोडले याचा हिशेब मांडताना, कधीही विमानात न बसलेल्या माणसांनी काय सोडले हेही मला आठवते. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईची.

मुंबईच्या विमानाचा मला उपयोग आहे. खरेदीदाराला नमुने दाखवून त्याच दिवशी परत येता येते. पण एक सवय मला लागली आहे आणि धावपट्टी यांचा ‘हातचा’ वाचल्यावर तिचा अर्थ कळला. ज्या दिवशी भेट महत्त्वाची असते, त्या दिवशी मी विमानाचे तिकीट काढतो आणि आदल्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचेही आरक्षण करून ठेवतो. विमानाचे नक्की दिसले की रेल्वेचे रद्द करतो आणि रद्द करण्याचे पैसे सोसतो. २०२३ पासून वंदे भारत आहे, तीही साडेसहा-सात तासांत मुंबईला नेते, म्हणून निदान हा पर्याय तरी आहे. कंपनीने जो हातचा सोडला तो नाहीसा झालेला नाही, तो माझ्या खिशातून जातो, आणि तिकिटावरच्या भाड्यात तो कधीच दिसत नाही. काकांनी पुण्यात काढलेली रात्रही त्याच खात्यावर मांडावी लागेल.

हिशेबनीस, मदतीचे गणित जरा उलगडून सांगाल का? मदतीची मुदत संपल्यावर आपल्या विमानाचे काय होईल ही येथील व्यापाऱ्यांना खरी काळजी आहे.

---

हिशेबनीस यांचा प्रतिसाद

काळजी रास्त आहे. लहान गावांना विमानसेवा मिळावी म्हणून केंद्राची उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली हे पहिले उड्डाण झाले. त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादची सेवाही सुरू झाली होती. साधारण तासाभराच्या उड्डाणातील निम्म्या जागांचे भाडे सुरुवातीला २,५०० रुपयांवर बांधलेले होते, आणि त्यामुळे कंपनीला येणारी तूट तीन वर्षे भरून दिली जाते. त्यासाठीचा पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसवलेल्या आकारणीतून येतो. म्हणजे दिल्ली-मुंबई प्रवास करणारा माणूस लहान गावाच्या तिकिटाचा काही भाग भरत असतो. मला यात गैर वाटत नाही. मोठ्या रस्त्यांच्या पैशातून लहान रस्ते होतातच. सोलापूर-मुंबई मार्गासाठी राज्य सरकारने स्वतःहून मदत देण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला.

अडचण मुदत संपल्यावर येते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली, आणि त्यानंतर मार्च २०२३ मध्ये केवळ ५४ चालू होते. मदतीच्या काळात आसने किती भरतात यावर पुढचे सारे ठरते, म्हणून सोलापूरकरांनी आत्ताच वापर वाढवावा, एवढेच म्हणता येईल.

भाड्याविषयी एक गोष्ट राहून गेली होती. १९९४ मध्ये काकांच्या शेजारी बसलेल्या माणसानेही तेवढेच भाडे दिले असणार. आज एकाच ओळीतील तिघांनी तीन वेगळी भाडी दिलेली असतात. ही पद्धत अमेरिकेतील जुन्या कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास स्वस्त कंपन्यांशी लढताना संगणकाच्या आधारे रुजवली: आधी काढणाऱ्याला स्वस्त, ऐनवेळी काढणाऱ्याला महाग. आईला दोन महिने आधी तिकीट मिळाले ते याच पद्धतीमुळे, आणि कोणाच्या घरी अचानक माणूस गेले तर दुप्पट-तिप्पट भाडे भरून जावे लागते तेही याच पद्धतीमुळे. लग्नाची तारीख आधी कळते, मरणाची कळत नाही. प्रवाशांनी जे सोडले त्यात मला हे सर्वांत जड वाटते.

---

सात रस्ता यांचा प्रतिसाद

मी वकिली करतो आणि ग्राहक आयोगापुढे अशी प्रकरणे चालवतो. काकांच्या उपयोगाचे थोडे सांगतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यांपैकी काय हवे ते प्रवाशाने निवडायचे असते. पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: ‘परतावा मिळणार नाही’ असे लिहिलेले तिकीट रद्द केले तरी त्यातील कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळालेच पाहिजे. हक्क कमी झालेले नाहीत, उलट कागदावर वाढले आहेत. मात्र पूर्वी न मागता मिळायचे ते आता मागावे लागते आणि मागण्यासाठी पुरावा ठेवावा लागतो. ते सहा संदेश पुसू नका.

---

होटगी रोड यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. संदेश जपून ठेवले आहेत आणि वकीलसाहेबांच्या सांगण्यानुसार अर्ज करतो. कुंभारीच्या ताईंचे लिहिणे पत्नीला वाचून दाखवले. १९९४ च्या त्या विमानात माझ्यासारखे नोकरीच्या खर्चाने आलेलेच बहुतेक होते, हे मला त्यांनी लिहीपर्यंत सुचले नव्हते. त्या जेवणाची आठवण चांगली आहे, पण तिचे दुःख करायचे मी आता थांबवतो. सही करणाऱ्या माणसाविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

चैत्रात नातवाच्या मुंजीसाठी पुन्हा दिल्लीला जायचे आहे. चादरी या वेळी पार्सलने पुढे पाठवतो. धावपट्टी, दिवसातले कोणते विमान धरावे, एवढे सांगाल का?

---

धावपट्टी यांचा प्रतिसाद

पुण्याहून जाणार असाल तर पहाटेचे पहिले. ते विमान रात्री तिथेच मुक्कामाला असते, त्यामुळे आदल्या दिवसाचा उशीर सहसा त्याच्या अंगावर येत नाही. सोलापूरहून मुंबईमार्गे जायचे ठरवले तर ते विमान सोलापूरला कोठून येते ते पाहा. लहान विमानतळावर विमान सहसा मुक्कामाला नसते, आधीच्या गावी ते वेळेवर सुटले की नाही यावर सगळे अवलंबून असते. आधीच्या फेरीचा क्रमांक मोबाइलवर पाहता येतो, मुलीला दाखवायला सांगा. मुंबईत दोन विमानांमध्ये निदान चार तास ठेवा, आणि मुंज सकाळची असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.